माळावरच्या सरड्यांचे जनुकीय गट कसे तपासायचे: खानापूर ते रामदुर्ग

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगाव जिल्ह्यात खानापूरपासून गोकाक, सौंदत्ती, रामदुर्गपर्यंत आणि उत्तरेला निपाणी-चिकोडीपर्यंत माळावर एक लहान सरडा दिसतो. त्याचा नर गळ्याखालची पिशवी पंख्यासारखी उघडतो. या सरड्यांमध्ये जनुकीय विविधता किती आहे, ऊस, कालवे आणि हायवेमुळे त्यांचे गट तुटलेत का, आणि एका पीएचडीच्या आवाक्यात हे तपासायचं तर किती ठिकाणं, किती नमुने, कोणता मार्कर (तुलनेसाठी वाचायची जनुकीय खूण), कोणतं विश्लेषण?

सर्वसाधारणपणे मार्कर आधी ठरतो, सॉफ्टवेअर त्यानंतर आणि नमुने सर्वांत शेवटी, जिथे गाडी जाते तिथून. हा क्रम उलटा करा. गट आहेत की नाहीत याचं नव्वद टक्के उत्तर नमुन्यांच्या जागांवर ठरतं. चुकीच्या जागांवरून आणलेल्या नमुन्यांना हजारो एसएनपी (डीएनएतल्या एका अक्षराच्या फरकाच्या जागा) लावले तरी चुकीचं उत्तर फक्त जास्त आत्मविश्वासाने मिळतं.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट. तुम्ही ज्याला ‘एक सरडा’ म्हणता तो या पट्ट्यात एक नाही. पंखा उघडणारे हे सरडे पूर्वी सरसकट सिताना प्रजातीत (म्हणजे जीनसमध्ये, जिच्यात अनेक जाती येतात) टाकले जात. २०१६ मध्ये त्यातून ‘सरडा’ याच नावाची वेगळी प्रजाती काढली गेली आणि तिच्यात तीन जाती मांडल्या गेल्या: डेक्कनेन्सिस, डार्विनी आणि सुपर्बा. त्यानंतर २०१८ मध्ये थेट गोकाकच्या नावाने सिताना गोकाकेन्सिस ही जाती वर्णन झाली आणि २०२० मध्ये उत्तर कर्नाटकातूनच सिताना धारवारेन्सिस. म्हणजे तुमच्या अभ्यासाच्या पट्ट्यात आणि त्याच्या अगदी लगत या सरड्यांच्या अनेक जाती आहेत, आणि त्यांतल्या काही दिसायला इतक्या जवळच्या आहेत की जनुकीय पुराव्याशिवाय वेगळ्या ओळखल्याही गेल्या नसत्या.

याचा परिणाम सरळ आहे. दोन जातींचे नमुने एकत्र करून एफएसटी (गटांमधल्या जनुकीय फरकाचं माप, ० ते १) काढलात तर आकडा प्रचंड येईल, पीसीएमध्ये (जनुकीय साम्यानुसार नमुने मांडणाऱ्या आलेखात) दोन सुंदर ढग दिसतील आणि प्रबंधात ‘कालव्यामुळे तीव्र विभाजन’ असं वाक्य जाईल. प्रत्यक्षात ते लाखो वर्षांपूर्वीचं जातींचं विभाजन असेल. नर हंगामात असेल तर ओळख तुलनेने सोपी असते: ‘सरडा’ प्रजातीतल्या नरांची पिशवी मोठी, पोटाकडे दूरवर गेलेली आणि निळ्या-काळ्या-नारिंगी ठळक रंगांची, सितानाच्या अनेक जातींत ती लहान आणि फिकट. मादी आणि पिल्लं मात्र माळावर उभं राहून ओळखण्याचा हट्ट धरू नका. मागच्या पायाला चार बोटं दोन्ही प्रजातींत असतात, त्यामुळे त्या खुणेचा इथे उपयोग नाही.

म्हणून पहिली पायरी: प्रत्येक नमुन्याचा, अपवाद न करता, मायटोकॉन्ड्रियल डीएनएचा एक तुकडा वाचून घ्या. १६एस या जनुकाचा सुमारे ५०० अक्षरांचा तुकडा पीसीआरमध्ये जवळपास नेहमी वाढतो, पण जवळच्या जातींत फरक कमी दाखवतो. एनडी२ या जनुकाचा हजारेक अक्षरांचा तुकडा जास्त बोलका आहे आणि या सरड्यांवरच्या प्रकाशित कामात तोच वापरला गेल्यामुळे तुलनेला माल मिळतो. अगामिड सरड्यांत (हे सरडे त्याच कुळातले) एनडी२ च्या भागासाठी दोन वंशरेषांमधला फरक दर दशलक्ष वर्षांना साधारण १.३ टक्के धरला जातो. एका जातीत एक-दोन टक्के फरक अनपेक्षित नाही. पाच-सहा टक्क्यांची दरी दिसली तर थांबा आणि आधी जातीचा प्रश्न सोडवा. एनडी२ प्रथिनाचा जनुक असल्याने वाचलेल्या तुकड्यात मध्येच स्टॉप कोडॉन (प्रथिन तिथेच थांबवणारी खूण) आला तर तो बहुधा खरा मायटोकॉन्ड्रियल नसून केंद्रकात जाऊन पडलेली जुनी प्रत आहे, तो फेकून द्या. आणि मायटोकॉन्ड्रियल डीएनए फक्त आईकडून येतो, म्हणजे तो पुराव्याचा एकच धागा आहे. दोन जातींत कधीकाळी संकर झाला असेल तर मायटोकॉन्ड्रियल डीएनए एका जातीचा आणि बाकी जीनोम दुसऱ्या जातीचा अशीही जनावरं सापडतात. त्यामुळे त्याचा उपयोग चाळणी म्हणून करा, निकाल म्हणून नाही.

आता जागा. बेळगाव जिल्ह्याचं वैशिष्ट्य म्हणजे शंभर किलोमीटरच्या आत सगळं बदलतं. पश्चिमेला कणकुंबी, जांबोटी, भीमगडचं दाट पावसाचं रान. मध्ये बेळगाव-काकती भागातला बेसाल्ट आणि जांभा. पूर्वेला गोकाक, सौंदत्ती, रामदुर्गकडे कलादगीच्या वालुकाश्माचे सपाट माथ्याचे डोंगर आणि त्यांच्यामधली काळी जमीन. पाऊस पश्चिमेच्या टोकाला काही हजार मिलिमीटर, पूर्वेला पाच-सहाशेच्या आसपास. माळावरच्या सरड्याला खानापूरचं जंगल हाच अडथळा आहे. तिथे तो फक्त उघड्या जांभ्याच्या सड्यांवर, झाडीने वेढलेल्या तुकड्यांत टिकतो. उडत्या सरड्याला किंवा जंगलातल्या दगडी पालींना याच्या नेमकं उलट, त्यांना माळ ओलांडता येत नाही. ‘अडथळा’ हा शब्द जनावराचं नाव घेतल्याशिवाय वापरू नका.

खानापूर ते रामदुर्ग हवाई अंतर नव्वदेक किलोमीटर आहे. इथे सर्वांत जास्त होणारी गफलत अशी की पश्चिमेकडे दोन जागा, पूर्वेकडे दोन जागा, प्रत्येकी तीस नमुने, मध्ये काहीच नाही. विश्लेषणात दोन गट येतात आणि मधली कुठलीही गोष्ट, महामार्ग म्हणा, मलप्रभा म्हणा, ‘अडथळा’ ठरवली जाते. खरं तर सरडा आयुष्यात फार लांब जात नाही, त्यामुळे अंतर वाढेल तसा फरक हळूहळू वाढणारच, अडथळा असो वा नसो. याला अंतराने येणारं वेगळेपण म्हणतात, आणि सेवॉल राइट यांनी १९४३ मध्ये ते गणितात मांडलं. कोल्हापुरापासून धारवाडपर्यंत गावागणिक बोली बदलत जाते, पण फक्त दोन टोकांना ऐकणाऱ्याला दोन वेगळ्या भाषा वाटतात आणि मधली गावं ऐकणाऱ्याला सीमारेषा कुठे काढावी कळत नाही, तसंच हे. मधली गावं सोडू नका.

माझ्या मते या पट्ट्यासाठी योग्य रचना अशी: २० ते २४ ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी ६ ते ८ प्रौढ, एकूण दीडशेच्या आसपास. ठिकाणांमधली अंतरं मुद्दाम असमान ठेवा: काही जोड्या दोन-तीन किलोमीटरवर, काही दहावर, काही पंचवीसवर, काही पन्नासच्या पुढे. एक ओळ बेळगाव, यमकनमर्डी, हुक्केरी, गोकाक, यरगट्टी, सौंदत्ती, रामदुर्ग अशी; दुसरी संकेश्वर-निपाणी-चिकोडीकडे; आणि पलीकडे गडहिंग्लज-चंदगडचे माळ. फक्त महामार्गाच्या कडेकडेने नमुने घेतलेत तर सगळे बिंदू एका रेषेत येतात आणि अंतर, पाऊस, उंची हे तिन्ही एकत्र बदलू लागतात. मग कशाचा परिणाम कोणता हे कुठलंही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. ओळीच्या दोन्ही बाजूंना आत शिरा.

कालव्याचा किंवा ऊसपट्ट्याचा परिणाम तपासायचाच असेल तर जोड्यांची रचना लागते. कालव्याच्या दोन बाजूंना, एकमेकांपासून तीन किलोमीटरवर, दोन माळ निवडा. तसेच तीन किलोमीटरवरचे, पण मध्ये कालवा नसलेले, दोन माळ निवडा. अशा दोन्ही प्रकारच्या किमान चार-पाच जोड्या हव्यात. दुसऱ्या प्रकारच्या जोड्या घेतल्याच जात नाहीत, आणि त्या नसतील तर पहिल्या प्रकारच्या आकड्याला काही अर्थ राहत नाही.

इथे वेळेचं गणित समजून घ्या, कारण यावरच तुमच्या मुख्य प्रश्नाचं भवितव्य आहे. हिडकल आणि नवीलुतीर्थ ही धरणं १९७० च्या दशकात झाली, त्यांच्या कालव्यांमागून बागायत पसरली. धुपदाळचा बंधारा त्याहून जुना. म्हणजे मोठ्या भागात ऊसाने माळ तोडल्याला ढोबळ पन्नास वर्षं. या सरड्याची पिढी साधारण वर्षाची धरली तर पन्नास पिढ्या. दोन पॉप्युलेशन पूर्ण तुटल्या, एकही सरडा ये-जा करत नाही असं समजलं तरी एफएसटी वाढण्याचा वेग त्यांच्या परिणामी आकारावर (पुढच्या पिढीत प्रत्यक्ष वाटा असलेल्यांची संख्या, एन) अवलंबून असतो. सूत्र सोपं आहे: १ मधून (१ − १/२एन) चा पिढ्यांइतका घात वजा करा. परिणामी आकार ५०० असेल तर पन्नास पिढ्यांत एफएसटी सुमारे ०.०५ होतो, सहज दिसतो. आकार ५००० असेल तर सुमारे ०.००५, आणि तो नमुन्यांच्या चुकीत हरवतो. तेव्हा ‘फरक सापडला नाही’ याचा अर्थ ‘कालवा अडथळा नाही’ असा होत नाही. मोठ्या गायरानांवर परिणाम दिसायला अजून शेकडो पिढ्या लागतील. ऊसाच्या मध्ये अडकलेल्या पाच-दहा एकरांच्या मुरमाड तुकड्यांवर तो आज दिसू शकतो. म्हणून नमुन्यांत मोठे माळ आणि असे तुकडे दोन्ही घ्या. शक्य असेल तर माळावर जाण्याआधीच संगणकावर हीच परिस्थिती सिम्युलेट करा: एवढे नमुने, एवढे एसएनपी, पन्नास पिढ्या, फरक पकडता येतो का. दोन आठवड्यांचं काम आहे आणि दोन वर्षं वाचवू शकतं.

परवान्याबद्दल. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम १२ खाली संशोधनासाठी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे अर्ज जातो. भीमगड अभयारण्यात जायचं असेल तर कलम २८ ची प्रवेशपरवानगी वेगळी. चंदगड-गडहिंग्लजचे नमुने हवेत तर महाराष्ट्राचा परवाना स्वतंत्र घ्यावा लागतो, कर्नाटकच्या कागदावर तिथे शेपटीचं टोकही घेता येत नाही. दोन्ही अर्ज एकाच दिवशी करा, कारण हंगाम चुकला की वर्ष गेलं. अर्जात जातीची नावं लिहिताना सिताना आणि ‘सरडा’ दोन्ही प्रजाती लिहा, नाहीतर निम्मे नमुने परवान्याबाहेर राहतील. संस्थेच्या प्राणी-नीती समितीची मंजुरी सोबत लागते. परदेशी सहकारी असेल किंवा डीएनए बाहेर पाठवायचा असेल तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी आधी, पार्सल नंतर. गायरानावर काम करण्यापूर्वी ग्रामपंचायतीत जाऊन बोला, कन्नड येणारा सोबती घ्या. माळावर मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगरांना कुठल्या उतारावर हे सरडे मान वर करून बसतात ते नेमकं ठाऊक असतं, त्यांना विचारल्याने दिवस वाचतात.

हंगाम मार्च ते पावसाची सुरुवात. नर दगडावर चढून पंखा उघडतात, दुरून दिसतात. सकाळी उन्हं तापली की आठपासून अकरापर्यंत आणि पुन्हा चारनंतर. भर दुपारी ते झुडपाच्या बुडाशी जातात आणि तुम्हीही सावलीत असावं. लांब काठीच्या टोकाला मासेमारीच्या बारीक दोऱ्याचा सरकता फास लावून पकडणं सर्वांत सुरक्षित. पकडलेलं जनावर कापडी पिशवीत, सावलीत ठेवा. बंद गाडीत दहा मिनिटं राहिलेली पिशवी म्हणजे मेलेला सरडा.

या हंगामाचा एक तोटा आहे: हाती लागणाऱ्यांत नरच भरपूर असतात. नर दूर जाणारे आणि माद्या एका जागी राहणाऱ्या असतील, तर फक्त नरांच्या नमुन्यांत गटांमधला फरक कमी दिसतो. वेळ गेला तरी निम्म्या माद्या मिळवा. अंडी भरलेली मादी मात्र मोजमाप न करता, लवकरात लवकर तिथल्या तिथे सोडा. पावसानंतर पिल्लांचा सुकाळ असतो आणि नमुने पटापट जमतात, पण ती एकाच घरट्यातली भावंडं निघतात. एका ठिकाणच्या आठांतली पाच भावंडं असली की ते ठिकाण आपोआप ‘वेगळा गट’ म्हणून उठून दिसतं. प्रौढच घ्या आणि दोन नमुन्यांत किमान पन्नास मीटर अंतर ठेवा.

ऊतीचा प्रश्न. पाली आणि सापसुरळ्यांची शेपटी तुटते आणि पुन्हा येते, त्यामुळे त्यांच्याकडून शेपटीचा तुकडा घेणं फारसं अवघड नाही. अगामिड सरड्यांचं तसं नाही. त्यांची शेपटी सहसा परत वाढत नाही, आणि धावताना तोल सांभाळायला ती लागते. तेव्हा टोकाचे तीन ते पाच मिलिमीटर, त्याहून जास्त कधीच नाही. जखमेवर पोव्हिडोन आयोडीन लावा, रक्त थांबेपर्यंत धरून ठेवा. बोटं कापण्याची जुनी पद्धत विसरा. तोंडातल्या स्वॅबवर मायटोकॉन्ड्रियल तुकडा नीट मिळतो, पण जीनोमभर एसएनपी काढायचे तर डीएनए कमी पडतो आणि त्यात जिवाणूंचा वाटा मोठा असतो. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असतं, त्यामुळे काही मायक्रोलिटर रक्तातही भरपूर डीएनए मिळतो. मात्र एवढ्या लहान जनावराचं रक्त काढणं शिकलेल्या हातांचंच काम आहे. घोरपडीच्या वाटेला जाऊ नका, ती अनुसूची एकमध्ये आहे आणि तिचा परवाना हा वेगळाच प्रकल्प आहे.

ऊत ९५ टक्क्यांच्या वरच्या, मॉलिक्युलर दर्जाच्या इथेनॉलमध्ये, ऊतीच्या दहापट द्रवात. शुद्ध इथेनॉल संस्थेच्या परवान्यावरच मिळतं, म्हणून दोन महिने आधी मागवा. ते संपलं म्हणून दुकानातलं डिनेचर्ड स्पिरिट वापरू नका, त्यात मिसळलेल्या पदार्थांमुळे डीएनए आणि पुढच्या एन्झाइमच्या पायऱ्या बिघडतात. फॉर्मलिन तर नाहीच. चोवीस तासांनी एकदा इथेनॉल बदला, ऊतीतलं पाणी बाहेर येऊन पहिलं पातळ झालेलं असतं. ट्यूबवर मार्करने लिहिलेला नंबर इथेनॉल सांडताच पुसला जातो. त्यामुळे पेन्सिलीने लिहिलेली जाड कागदाची चिठ्ठी ट्यूबच्या आतही टाका. एकाच वेळी दोन ट्यूब भरा, एक कामाची आणि एक जपून ठेवायची. कात्री प्रत्येक जनावरानंतर दहा टक्के ब्लीचने पुसून स्वच्छ पाण्याने धुवा किंवा ज्योतीवर धरा. एका सरड्याचं रक्त दुसऱ्या ट्यूबमध्ये गेलं तर त्या नमुन्यात नसलेली हेटरोझायगॉसिटी (आईवडिलांकडून आलेल्या दोन प्रती वेगळ्या असणं) उगवते, आणि अशी दूषित ट्यूब शोधणं फार त्रासाचं.

प्रत्येक जनावराचे चार फोटो: पाठ, पोट, मागचा पाय आणि नर असल्यास उघडलेली पिशवी. तोंडापासून गुदद्वारापर्यंतची लांबी, वजन, लिंग, पाच दशांशांपर्यंत अक्षांश-रेखांश, खडकाचा प्रकार, भोवतालचं पीक. पोटावर बिनविषारी मार्करने टिंब करा, म्हणजे तोच सरडा दुपारी पुन्हा पकडला जाणार नाही. सोडताना जिथे पकडला तिथेच.

मार्करबद्दल आता थोडक्यात, कारण वाद पूर्वीइतका राहिलेला नाही. मायक्रोसॅटेलाइटसाठी (पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या डीएनए-तुकड्यांवरचा मार्कर) प्रत्येक ठिकाणी २५ ते ३० जनावरं आणि किमान दहा-पंधरा लोकस (जीनोमवरच्या ठरावीक जागा) लागतात. शिवाय या सरड्यांसाठी दुसऱ्या जातीचे प्रायमर वापरलेत तर नल अलील येतात: प्रायमर बसत नाही, एक अलील (त्या जागेचं एक रूप) दिसतच नाही, हेटरोझायगोट (दोन वेगळी रूपं असलेला) होमोझायगोट (दोन्ही सारखी असलेला) म्हणून वाचला जातो आणि अंतःप्रजनन असल्याचा भास होतो. डीडीरॅड पद्धतीने (एन्झाइमने डीएनए कापून ठरावीक आकाराचेच तुकडे वाचणं) काही हजार एसएनपी मिळतात आणि त्यासाठी ठिकाणी सहा-आठ जनावरं पुरतात. दीडशे नमुन्यांसाठी मी हाच मार्ग सुचवीन. डीएनए मात्र चांगला हवा: प्रोटिनेज के घालून ५६ अंशांवर रात्रभर, मग आरएनएज, मग कॉलम किंवा फिनॉल-क्लोरोफॉर्म. मोजमाप फ्लुरोमीटरवर करा, नुसत्या स्पेक्ट्रोफोटोमीटरचा आकडा आरएनएमुळे फुगतो. जेलवर वरच्या बाजूला एक घट्ट पट्टा दिसला पाहिजे. खाली पसरलेली शेपूट दिसली तर तो नमुना डीडीरॅडला देऊ नका, कारण तुकडे आधीच तुटलेले असले की हवी ती लोकस गळतात.

लायब्ररी (वाचनाला एकत्र पाठवायचा डीएनए-तुकड्यांचा संच) करताना नमुने मिसळून लावा. पहिल्या लायब्ररीत गोकाक-सौंदत्ती आणि दुसऱ्यात निपाणी-चिकोडी असं केलंत, तर लायब्ररीतला आकारनिवडीचा किरकोळ फरक ‘भौगोलिक गट’ म्हणून समोर येईल आणि नंतर तो कुठल्याही गणिताने वेगळा करता येणार नाही. प्रत्येक लायब्ररीत प्रत्येक भागाचे नमुने, आणि एकूण पाच टक्के नमुने दोनदा. त्या जुळ्यांमधली तफावत हाच तुमच्या चुकीचा खरा दर.

स्टॅक्स या रॅड वाचनं जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एम आणि एन (तुकडे एकाच लोकसचे धरताना किती अक्षरांचा फरक चालतो) हे पॅरामीटर अंदाजाने ठेवू नका. मोजके नमुने घेऊन एम एकपासून आठपर्यंत चालवा आणि ८० टक्के जनावरांत आढळणाऱ्या लोकसची संख्या जिथे वाढायची थांबते तिथे थांबा. त्यानंतरची चाळणी: निम्म्याहून जास्त माहिती गहाळ असलेली जनावरं वगळा, पंचवीस टक्क्यांहून जास्त गहाळ असलेली लोकस वगळा, सरासरी दहा वाचनांखालचं वगळा, सत्तर टक्क्यांहून जास्त जनावरांत हेटरोझायगस दिसणारी लोकस वगळा, कारण त्या बहुधा एकमेकांवर चढलेल्या दोन प्रती असतात. एका रॅड तुकड्यातून एकच एसएनपी.

दुर्मीळ अलील गाळण्याबाबत अनेकांचा घोटाळा होतो. गट शोधताना तीनपेक्षा कमी वेळा आलेले अलील काढणं योग्य, ते बहुतांशी वाचनातल्या चुका असतात आणि ढग धूसर करतात. विविधता मोजताना मात्र ते काढू नका. संख्या घटली की आधी दुर्मीळ अलील जातात, हेटरोझायगॉसिटी बऱ्याच नंतर हलते. दुर्मीळ अलील तुम्हीच फेकून दिलेत तर नुकत्याच आक्रसलेल्या माळाची खूण तुम्हीच पुसली. एकाच माहितीच्या दोन वेगळ्या फाइल ठेवा. विविधतेचा आकडा बदलणाऱ्या जागांवरच न काढता, न बदलणाऱ्या जागा धरून, प्रति अक्षर काढा. नाहीतर तो किती नमुने आणि कोणते नमुने यावर डोलत राहतो. आणि दुसऱ्याच्या डीडीरॅड अभ्यासातल्या आकड्याशी तुमचा आकडा ताडून ‘आमच्या सरड्यांत विविधता कमी’ असं लिहू नका. एन्झाइम, आकारनिवड आणि चाळणी वेगळी असली की आकडे तुलनेचे राहत नाहीत. तुलना तुमच्याच माळांमध्ये, त्याच पाइपलाइनमध्ये.

विश्लेषणाचा क्रम असा ठेवा. पीसीए पहिला, त्यात आधी लायब्ररीनुसार रंग देऊन पाहा आणि मगच ठिकाणानुसार. मग नात्यातली जनावरं शोधा. सख्खी भावंडं सापडली तर त्यांतलं एकच ठेवा. मग अंतराने येणारं वेगळेपण: एफएसटी भागिले (१ − एफएसटी) हे अंतराच्या लॉगसमोर मांडा. ही रुसे यांची १९९७ ची मांडणी सर्व दिशांना पसरलेल्या वस्तीसाठी आहे, आणि माळ तसेच आहेत. आलेख पाहिल्याशिवाय स्ट्रक्चर किंवा ॲडमिक्स्चर उघडू नका. बिंदू एका रेषेभोवती असतील तर वस्ती सलग आहे आणि गट पाडणारं सॉफ्टवेअर त्या सलगतेचे कृत्रिम तुकडे करील. रेषेच्या वर उभा असलेला बिंदूंचा वेगळा पट्टा दिसला, आणि त्या साऱ्या जोड्या एखाद्या विशिष्ट गोष्टीच्या आरपार असल्या, तरच अडथळ्याची भाषा सुरू करा.

स्ट्रक्चरबरोबर २००५ पासून डेल्टा-के (गटांची संख्या, के, ठरवण्याची पद्धत) वापरण्याची प्रथा पडली आहे. त्या पद्धतीला एकच गट आहे असं सांगताच येत नाही, आणि ती दोनकडे झुकते. ‘के बरोबर दोन’ असं निकालात आलं की मी आधी नमुन्यांचा नकाशा मागतो. ॲडमिक्स्चरचं क्रॉस-व्हॅलिडेशन (थोडी माहिती लपवून अंदाज पडताळणं) एक गटही तपासतं, तेवढं बरं. अंतर आणि गट दोन्ही एकत्र तपासायचे तर कॉनस्ट्रक्ट वापरा, ते याच कामासाठी लिहिलेलं आहे. ईईएमएस या सॉफ्टवेअरचे ये-जा दाखवणारे नकाशे दिसायला आकर्षक असतात, पण नमुने नसलेल्या भागात ते जे रंग भरतात ते गृहीतकांतून येतात. रायबाग-अथणीत एकही नमुना नसताना तिथल्या रंगावर परिच्छेद लिहू नये. डीएपीसीत (गटांमधला फरक ठळक करून दाखवणारी पद्धत) जास्त अक्ष ठेवले की कुठलेही गट वेगळे पाडता येतात, त्यामुळे क्रॉस-व्हॅलिडेशनशिवाय त्याचं चित्र छापू नका. एफएसटीवरून पिढीला किती सरडे ये-जा करतात हे काढण्याचं जुनं सूत्र, १ भागिले (४एनएम + १), ज्यात एम हा ये-जा करण्याचा दर, इथे अजिबात नको. ते हजारो पिढ्यांच्या समतोलावर उभं आहे आणि ऊसाचा पट्टा पन्नास वर्षांचा आहे.

एखाद्या ठिकाणी एफआयएस (हेटरोझायगॉसिटी अपेक्षेपेक्षा किती कमी आहे याचं माप) धन आला तर ‘अंतःप्रजनन’ लिहिण्यापूर्वी तीन शक्यता खोडा: वाचनं कमी पडून हेटरोझायगोट सुटले, नल अलील, किंवा एकाच माळावर दोन वेगळे गट, अगदी दोन जाती, एकत्र मोजल्या गेल्या. गोकाकच्या आसपास तिसरी शक्यता मी सगळ्यात आधी पाहीन. तिथे वालुकाश्माच्या सपाट माथ्यावरचे आणि पायथ्याच्या काळ्या जमिनीतले नमुने कधीही एका ठिकाणाच्या नावाखाली टाकू नका, दोनशे मीटरचंच अंतर असलं तरी.

सरड्यांची संख्या आणि त्यांची विविधता या वेगळ्या गोष्टी आहेत, हेही लक्षात असू द्या. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पवनचक्क्यांजवळ शिकारी पक्षी कमी आणि ‘सरडा’ सुपर्बाची संख्या जास्त आढळली होती. माळावर सरडे भरपूर दिसतात म्हणून तो माळ जनुकीयदृष्ट्या सुरक्षित, असं म्हणता येत नाही. थोड्याच पूर्वजांपासूनही गर्दी होऊ शकते.

शेवटी निकालाचं काय करायचं. एखादा तुकडा खरोखर दरिद्री निघाला तर लगेच दुसऱ्या माळावरून सरडे आणून सोडण्याची सूचना कुणीतरी करतंच. या पट्ट्यात ती धोकादायक आहे. जातींच्या सीमा अजून पुरत्या आखल्या गेलेल्या नाहीत, आणि दोन किलोमीटरवरचा शेजारी वेगळ्या जातीचा असू शकतो. त्यापेक्षा कोणत्या दोन माळांमधली कुठली पड, बांध किंवा ओढ्याकाठची मुरमाड पट्टी राखली तर ये-जा टिकेल, हे जमिनीच्या गट नंबरांसह नकाशावर दाखवून वनखात्याला आणि त्या ग्रामपंचायतींना द्या, एक प्रत कन्नडमध्ये आणि एक मराठीत. गायरानावर सौर पॅनेल किंवा झाडं लावण्याचे प्रस्ताव ग्रामपंचायतींसमोरच येतात. माळावर झाडं लावणं हे या जनावरासाठी घर मोडणं आहे, ते त्या नकाशावरच स्पष्ट शब्दांत लिहा. राखीव ट्यूबचा दुसरा संच उणे २० अंशांवर, परवान्याच्या प्रतीसह, एखाद्या मान्यताप्राप्त संग्रहात जमा करा, कारण पुढच्या दहा वर्षांत या पट्ट्यातली जातींची यादी बदलली तर तुमचे दीडशे नमुने नव्या नावांनी पुन्हा वाचावे लागतील.